टेम्पोचा शिलालेख: जुन्या पिकअपचा चासी क्रमांक कसा वाचावा?

१/ संस्थानिकांच्या मोटारींचा इतिहास छायाचित्रांत, खरेदीच्या पावत्यांत आणि संग्रहालयांत सुरक्षित आहे. मुळशी तालुक्यातील भरे किंवा पिरंगुटसारख्या गावांतून भात, दूध आणि विटा पुण्याकडे वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवला. अशा गाडीचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज तिच्या सांगाड्यावरच ठोकलेला असतो. तो म्हणजे चासी क्रमांक. #धागा

२/ आधी शब्दाचा इतिहास. मराठीत मालवाहू छोट्या गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात, पण मुळात हे एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव होते. १९५८ साली न. कुं. फिरोदिया यांनी या कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ सुरू केली आणि तीनचाकी ‘हॅनसिएट’ रस्त्यावर आली. पुढे आकुर्डीच्या कारखान्याने ‘मॅटाडोर’ घडवली. व्यापारी नाव सामान्यनाम होऊन बसले.

३/ म्हणून ‘आजोबांचा टेम्पो’ एवढ्या वर्णनावरून गाडीची ओळख पटत नाही. तो टेम्पो म्हणजे मॅटाडोर असू शकतो, महिंद्राची जीप-पिकअप असू शकते किंवा १९८८ साली आलेली ‘टाटा मोबाइल’ही असू शकते. आठवण दिशा दाखवते, निश्चिती मात्र क्रमांकाने होते.

४/ गाडीवर तीन वेगवेगळे क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत होते. नोंदणी क्रमांक (उदा. एमएच-१२ मालिकेतील) शासन देते, गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की तो बदलतो. इंजिन क्रमांक इंजिनाबरोबर जातो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा भारतात विपुल आहेत. चासी क्रमांक सांगाड्याचा असतो. म्हणून गाडीची ओळख ठरवताना त्याला पहिला मान.

५/ तो शोधायचा कुठे? बहुधा दोन ठिकाणी. एक, इंजिनाच्या कप्प्यात किंवा चालकाच्या कक्षात रिवेटने बसवलेली धातूची पत्री. दोन, सांगाड्याच्या लांब लोखंडी दांडीवर थेट ठोकलेले आकडे. दुसऱ्या महायुद्धातील जीपांत हा फरक स्पष्ट दिसतो: विलीजच्या जीपला डाव्या दांडीच्या आतल्या बाजूस, पुढच्या बंपरमागे पत्री असे, फोर्डने घडवलेल्या जीपवर मात्र डाव्या दांडीच्या वरच्या पृष्ठावर आकडे ठोकलेले असत.

६/ पत्री आणि ठोकलेला क्रमांक यांतील नाते ताम्रपट आणि शिलालेख यांच्यासारखे आहे. ताम्रपट उचलून दुसरीकडे नेता येतो; कार्ल्याच्या लेण्यातील लेख जिथे कोरला तिथेच राहतो. पत्रीही एका गाडीवरून काढून दुसरीवर बसवता येते. दोन्ही क्रमांक जुळले तरच पत्रीवर विश्वास ठेवावा.

७/ वाचनाची पद्धतही पुराभिलेखविद्येचीच. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर वापरू नये. रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने चिखल आणि ग्रीस काढावे, विजेरी तिरकी धरावी, म्हणजे खोलगट आकड्यांत सावली पडते. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासावी. आरटीओच्या कामात चासी क्रमांकाचा असाच पेन्सिल-ठसा घेण्याची प्रथा आहे.

८/ आता अर्थ लावणे. सतरा अक्षरांचा प्रमाणित क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. भारतात ही पद्धत पुढे सावकाश रुळली. त्याआधीचे क्रमांक आखूड असतात आणि प्रत्येक कंपनीची रीत निराळी असते. सतरा अक्षरी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे नसतात, कारण १ आणि ० यांच्याशी त्यांचा घोटाळा होतो. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची: ‘एमएटी’ टाटा, ‘एमए१’ महिंद्रा.

९/ आखूड क्रमांकावरून वर्ष उमगत नसेल, तर पत्रीवरील कंपनीचे नाव पाहावे. राजाच्या बिरुदांवरून लेखाचा काळ ठरवतात, तसेच हे. टेल्कोचे ‘टाटा मोटर्स’ असे नामांतर २००३ साली झाले. बजाज टेम्पोची ‘फोर्स मोटर्स’ २००५ साली झाली. महिंद्रा कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून स्थापन झाली आणि १९४८ साली ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. नावावरून वर्ष नाही, पण काळाची मर्यादा नक्की हाती लागते.

१०/ बनावट लेखांचा प्रश्न इथेही आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त बनावट ताम्रपटांची यादी दिली होती, जमिनीवर हक्क सांगण्यासाठी असे पट घडवले जात. चोरीच्या गाडीचा क्रमांक घासून नवा ठोकतात, त्यामागेही मालकीचाच दावा असतो. मात्र ठोका बसताना खालचा धातू दाबला जातो. वरचे आकडे घासले तरी न्यायवैद्यक तज्ज्ञ आम्लाच्या साहाय्याने अनेकदा ते पुन्हा उमटवू शकतात.

११/ हे सारे आज तातडीचे का? जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात आणि त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपाटी मिळते. पण अट अशी की वाहन बिगर-व्यावसायिक वापरातले हवे. आयुष्यभर भाड्याने माल वाहिलेला, इंजिन बदललेला टेम्पो या चौकटीत सहजी बसत नाही. त्याची वाट बहुधा भंगाराकडे जाते, आणि सांगाडा कापला की लेखही जातो.

१२/ म्हणून गावातील जुनी गाडी भंगारात जाण्यापूर्वी, मालकाच्या संमतीने, एवढे टिपून ठेवावे: पेन्सिल-ठसा, पत्रीचे छायाचित्र, क्रमांक नेमका कुठे आहे ती जागा, आरसी बुकातील नोंद आणि गाडी काय वाहत असे याची मालकाने सांगितलेली हकिकत. संपूर्ण क्रमांक समाजमाध्यमांवर टाकू नये, त्याचा गैरवापर होतो. शेवटचे आकडे झाकावेत. मूळ ठसा मात्र तारीख घालून घरच्या कागदपत्रांत, सातबाऱ्याशेजारी ठेवावा. (समाप्त)