वळिवड्यातली चूल



लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटले की आपण गांधीनगरला जातो. त्याच परिसरात, वळिवड्याला, एकेकाळी सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ पाहीपर्यंत मलाही हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 मध्ये, सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. सुटका झाल्यावर त्यातले काहीजण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूर संस्थानातले वळिवडे हेच त्यांचे गाव झाले. बरेच पुरुष सैन्यात, त्यामुळे छावणीत बायका-मुलेच जास्त.

जागा आपली होती, पण आतला कारभार त्यांचा. छावणीप्रमुख पोलिश. शाळा, चर्च, नाटके, स्काउट पथके त्यांनीच चालवली. मला सर्वांत भावली ती चूल. प्रत्येक कुटुंबाला वेगळे स्वयंपाकघर होते आणि खर्चाला भत्ता. काय आणायचे, काय रांधायचे, हे त्या घरची बाई ठरवी. सगळे गमावलेल्या बाईला एवढा हक्क परत मिळणे किती मोठे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

हे वाचताना 2019 चा महापूर आठवला. आमच्या मंडळाने एका निवारा केंद्रावर साड्यांचे गठ्ठे नेले होते. एक बाई हळूच म्हणाली, "ताई, साड्या लई झाल्या. आतले कपडे आणि पॅड पायजे होते. आधी इचारलं असतं तर सांगितलं असतं." मी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी यादी तिनेच केली, वाटपही तिच्याच हाती दिले. कोपऱ्यात बसलेली, रांगेत कधीच न येणारी म्हातारी तिला बरोबर माहीत होती.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत घर सुटलेले सिंधी आले. गांधीनगरची कापडपेठ त्यांच्याच कष्टाने उभी राहिली.

पुढच्या वेळी मदतीच्या पिशव्या भरण्याआधी तिकडच्या एखाद्या बाईला फोन करूया. यादी तिची, वाटप तिचे. आपण फक्त हमाली करू.