सिलोनची पोरकी ख्रिस्तसभा

२०१९ सालच्या ईस्टर रविवारी सकाळच्या मिस्सा आटोपून आम्ही न्याहारीस बसलो होतो. तेवढ्यात श्रीलंकेतील बातमी आली. कोलंबोच्या कोच्चिकडे येथील संत अंतोनीच्या मंदिरात आणि नेगोंबोजवळच्या कटुवापिटिया येथील संत सेबास्तियनच्या चर्चमध्ये ऐन मिस्सेच्या वेळी स्फोट झाले होते. बट्टिकलोआचे एक प्रॉटेस्टंट चर्च आणि कोलंबोतील काही हॉटेलेही त्याच सकाळी हादरली. मृतांचा आकडा पुढे अडीचशेच्या वर गेला. आमच्या धर्मग्रामातील चर्चचे वृद्ध सेवेकरी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. घंटा वाजविणे, वेदीवरची फुले बदलणे, मेणबत्त्यांचे मेण खरवडणे ही त्यांची चाळीस वर्षांची सेवा. ते म्हणाले, "फादर, काल रात्री पास्काची मेणबत्ती उंच धरून तुम्हीच सांगितलंत, देव दिल्या वचनाला जागतो म्हणून. मग आज हे काय?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. मानवी स्वातंत्र्य, पापाचे गूढ, क्रूसाचे मोल असा तो सेमिनरीत घोकलेला धडा होता. उत्तर चुकीचे नव्हते, पण दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही, हे बोलता बोलताच आमच्या ध्यानात आले.

त्या रात्री ब्रेव्हिअरी मिटल्यावर आम्हांला आठवले की २१ एप्रिल हा संत जोसेफ वाझ यांचा जन्मदिवस. श्रीलंकेच्या या प्रेषिताला पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे धन्य घोषित केले, तेव्हा आम्ही सेमिनरीत ईशज्ञानाचे विद्यार्थी होतो. त्या दिवसांत त्यांचे चरित्र आम्ही उत्साहाने वाचले, आणि तितक्याच सहजतेने विसरूनही गेलो. २०१९ च्या त्या रात्री पुन्हा वाचू लागलो ते मात्र उत्तराच्या शोधात. वाचकहो, जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने सोळाव्या शतकात सिलोनमध्ये ख्रिस्ती धर्म रुजला. त्या रुजण्यात फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरूंचे निःसंशय कष्ट होते. राजसत्तेचा दबाव आणि सवलतींचे आमिषही होते. आपल्याकडील इतिहास जाणणाऱ्या वाचकाला हे निराळे सांगावयास नको. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५६ साली कोलंबो घेतले. १६५८ साली मन्नार व जाफना पडले आणि बेटावरील पोर्तुगीज सत्ता संपली. डच हे कॅल्व्हिनपंथीय, आणि पोर्तुगिजांचे वैरी. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंना हद्दपार केले, त्यांना आसरा देणे हा गुन्हा ठरविला आणि चर्चच्या इमारती आपल्या पंथासाठी ताब्यात घेतल्या. विवाहाची कायदेशीर नोंद हवी, नोकरी हवी, तर डच पाळकाकडे गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. गावोगावच्या शाळांतून मुलांची नावे नोंदली जात, हजेरी घेतली जाई. हजेरीस कॅल्व्हिनपंथीय आणि घरी कॅथोलिक असे दुहेरी जिणे हजारो कुटुंबांच्या वाट्यास आले.

तलवारीच्या सावलीत आलेला धर्म तलवार गेल्यावर टिकणार नाही, असा डचांचा हिशेब असावा. तसे वाटणे स्वाभाविकही होते. आम्ही त्या काळी तेथे असतो तर आम्हांलाही तसेच वाटले असते.

पण काही वेगळेच घडले. परंपरा सांगते की १६७० च्या सुमारास मन्ताईजवळची काही कॅथोलिक कुटुंबे पवित्र मरीयेची मूर्ती घेऊन जंगलात शिरली आणि त्यांनी ती मडू येथे स्थापिली. त्यांच्याबरोबर धर्मगुरू नव्हता. गावोगावची वयस्क माणसे मुलांना स्नानसंस्कार देत, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणत, रात्री दारे लावून जपमाळ करीत. मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, ख्रिस्तशरीर नव्हते. काहींना कँडीच्या बौद्ध राजाने आपल्या मुलखात आसरा दिला. अशी वर्षे किती लोटली? जाफना पडल्यापासून जोसेफ वाझ तेथे पोहोचेपर्यंत एकोणतीस. स्नानसंस्कार झालेले तान्हे मूल तोवर स्वतः आईबाप झालेले असते.

जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ साली गोव्यातील बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. त्या काळच्या गोव्यात एतद्देशीय धर्मगुरूस युरोपीय संन्यस्त संघांची दारे बहुतेक बंदच असत, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. ही आपल्याच घरातील उणीव आहे, आणि ती झाकून संतचरित्र लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली. पोर्तुगालच्या राजाचे हक्क मानणारे आणि रोमने नेमलेल्या धर्मप्रमुखाचे अधिकार मानणारे अशा दोन गटांत तेव्हा तेथे कलह माजला होता. वाझ यांनी तो शक्य तेवढा निवविला. पुढे जुन्या गोव्यात चमत्कारी क्रूसाच्या चर्चजवळ काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. १६८५ साली वाझ त्यांना मिळाले आणि संत फिलिप नेरी यांच्या नियमांवर आधारलेला ओरेटरी संघ आकारास आला. ज्यांना कोणत्याच संघाने घेतले नाही, अशांनी स्वतःचा संघ उभारला. आणि सिलोनला जे जाऊ शकले ते हेच लोक. गोऱ्या कातडीचा पाद्री डचांच्या पहिल्याच चौकीवर ओळखला गेला असता. तमिळ मजुरांच्या गर्दीत गोव्याचा सावळा धर्मगुरू मिसळून जाऊ शकत होता. परमेश्वर नाकारलेला दगड कोठे बसवितो याचा अंदाज आधी कोणालाच येत नाही.

१६८६ साली ते निघाले. बरोबर जॉन नावाचा एक सेवक मुलगा होता. चरित्रग्रंथांत त्याच्या वाट्याला ओळी थोड्या आल्या आहेत, पण वाझ यांच्या बहुतेक संकटांत तो शेजारीच दिसतो. मलबारमार्गे तुतिकोरीन गाठून १६८७ साली मजुराच्या वेषात ते बेटावर उतरले. प्रवासातच अतिसाराने गाठले. जाफन्याच्या वेशीवर ते मरणोन्मुख पडले असता कोणा बाईने पेज आणून दिली आणि ते वाचले, असे चरित्रकार सांगतात. पुढे भिक्षेकऱ्याप्रमाणे गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार फिरू लागले. कोणत्या घरातील डोळे त्या माळेवर रेंगाळतात एवढेच ते न्याहाळीत. आणि डोळे रेंगाळले. हळूहळू एका घरातून दुसऱ्या घरात शब्द पोहोचला, आणि रात्रीच्या काळोखात पुन्हा मिस्सा सुरू झाली.

प्रश्न मागे विचारला आहे तो असा, की देव वचनाला जागतो म्हणजे नेमके काय करतो? सेमिनरीत आमच्या पवित्र शास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले होते की इब्री भाषेत देवाच्या विश्वासूपणासाठी जो शब्द आहे, त्याच्याच मूळ धातूपासून 'आमेन' हा शब्द आला आहे. तेव्हा ती माहिती आम्ही परीक्षेपुरती वहीत टिपून घेतली. एकोणतीस वर्षे धर्मगुरूवाचून जपमाळेच्या प्रत्येक मण्यानंतर ही माणसे तो शब्द उच्चारीत होती, हे वाचले तेव्हा ती टिपणवही आठवली. वाझ सिलोनला पोहोचण्यापूर्वी देव तेथे नव्हता असे नाही. पेज घेऊन आलेली बाई त्यांच्या आधीपासून तेथे होती.

याचा अर्थ सारे सुरळीत झाले असा मुळीच नाही. १६८९ च्या नाताळच्या रात्री जाफन्यात मिस्सेसाठी जमलेल्या कॅथोलिकांवर डच शिपायांनी छापा घातला. वाझ निसटले, लोक सापडले. अनेकांना तुरुंगवास झाला, फटके बसले, आणि कॅल्व्हिनपंथ सोडून आलेला एक गृहस्थ त्या मारहाणीत मरण पावला. धर्मगुरू निसटतो आणि कळप सापडतो, ही गोष्ट धर्मगुरू म्हणून वाचताना आम्हांला फार बोचते. वाझ यांनाही ती बोचली असणारच. ते थांबले असते तर एकोणतीस वर्षांनी मिळालेला एकमेव धर्मगुरू लोकांनी पुन्हा गमावला असता, हे खरे. तरी त्या रात्रीचा हिशेब एवढ्याने मिटतो असे आम्ही म्हणणार नाही.

पुढे ते पुट्टलमला आणि १६९२ साली कँडीला गेले. तेथे राजदरबारातील एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने ते पोर्तुगीज हेर असल्याचे राजाच्या कानी घातले, आणि त्यांच्यासह जॉनलाही बंदिवास घडला. त्या बंदिवासात वाझ सिंहली शिकले. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, वाझ यांनी भर चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, ही कथा सुप्रसिद्ध आहे. आमचे मन मात्र पावसापेक्षा त्या तुरुंगातील भाषाभ्यासापाशी अधिक रमते. ज्यांनी कोंडले त्यांचीच भाषा शिकायची, याला चिकाटी म्हणावे की प्रीती, हे वाचकांनी ठरवावे. राजा दुसरा विमलधर्मसूर्य निष्ठावान बौद्ध होता. आपल्या देशातील भिक्षुसंघाच्या पुनरुज्जीवनासाठी त्याने आराकानहून भिक्षू आणविले. त्याच राजाने वाझ यांना धर्मसेवेची मोकळीक दिली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी हुसकून लावलेल्या ख्रिस्ताच्या सेवकास बौद्ध राजाने ठाव दिला, हे आजच्या दिवसांत पुन्हापुन्हा सांगण्यासारखे आहे.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा नगर सोडून गेला, सधन लोक गेले, आजारी माणसांना रानात टाकून दिले जाऊ लागले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. झोपड्यांतून फिरून त्यांनी रोग्यांना धुतले, भरविले, मेलेल्यांना मूठमाती दिली. धर्म विचारला नाही.

१७०५ साली दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस आले. सिंहली कॅथोलिक साहित्याचे ते जनक मानले जातात. वाझ त्यानंतर सहा वर्षे जगले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत निवर्तले. यश आले म्हणावे, तर १७४४ च्या सुमारास नव्या राजाने धर्मगुरूंना कँडीतून घालविले आणि तेथील चर्च उद्ध्वस्त झाले. वाझ यांची कबर आज दाखविता येत नाही. गोव्याचे ओरेटरी धर्मगुरू तरीही वेषांतर करून येतच राहिले. कॅथोलिकांवरील निर्बंध १८०६ साली इंग्रज अमदानीत उठले. वाझ यांना संतपद मिळण्यास १४ जानेवारी २०१५ उजाडावा लागला. कोलंबोच्या समुद्रकाठी पोप फ्रान्सिस यांनी ती घोषणा केली आणि त्याच दिवशी ते मडूच्या मातेच्या दर्शनास गेले. यादवी युद्धात १९९९ साली मडूच्या चर्चवर तोफगोळे पडून आश्रयास आलेली माणसे मेली होती. २००८ साली लढाई जवळ आली तेव्हा ती मूर्ती पुन्हा एकदा उचलून सुरक्षित जागी न्यावी लागली.

आपल्या वसईकडेही १७३९ नंतर युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि आपल्या पूर्वजांचा सांभाळ गोमंतकीय धर्मगुरूंनी केला. मराठ्यांच्या अमलात आपली चूल बरीच सुखरूप राहिली. सिलोनशी तिची बरोबरी करणे अयोग्य होईल. तरी घरातील म्हातारीच्या तोंडी सांजेची जपमाळ कशी टिकली हे आपणास ठाऊक आहे, म्हणून हा इतिहास परका वाटत नाही.

आता कोच्चिकडेविषयी. तेथील भाविक सांगतात की डचांच्या काळात अंतोनिओ नावाचा एक धर्मगुरू व्यापाऱ्याच्या वेषात त्या किनाऱ्यावर लपून सेवा करीत होता. त्याच्या लहानशा प्रार्थनास्थानातून आजचे मंदिर उभे राहिले. म्हणजे ज्या जागी २१ एप्रिलला स्फोट झाला, ती जागाच मुळी लपून म्हटलेल्या मिस्सेची. स्फोटानंतर दोन महिन्यांच्या आत, संत अंतोनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, ते मंदिर पुन्हा उघडले. कटुवापिटियाच्या चर्चमधील पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती रक्ताच्या शिंतोड्यांसह जपून ठेवली आहे. ती धुतलेली नाही.

हे सारे आम्ही पुढच्या रविवारी प्रवचनात सांगितले, येथे लिहिले आहे त्याहून पुष्कळ कच्चे. मिस्सेनंतर सेवेकरी वस्त्रागारात कपडे घडी करीत होते. आम्ही विचारले, "पटले का?"

"त्या बाईचं नाव काय, फादर?" त्यांनी उलट विचारले. "पेज दिली तिचं."

नाव कोणी लिहून ठेवलेले नाही, असे आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. उत्तर पुरले की नाही, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. त्यांनी कपाट लावले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि दुपारच्या प्रार्थनेची घंटा वाजविण्यासाठी ते मनोऱ्याकडे गेले.