किंगडम ट्रेल्स

किंगडम ट्रेल्स : अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ईस्ट बर्क या खेड्याभोवती पसरलेले माउंटन बाइकच्या वाटांचे जाळे. लांबी १६० किमी.हून अधिक. राज्याच्या ईशान्येकडील कॅलेडोनिया, ऑर्लीन्स आणि एसेक्स या तीन काउंट्यांना सिनेटर जॉर्ज एकन यांनी १९४९ मध्ये ‘नॉर्थईस्ट किंगडम’ म्हटले, त्यावरून हे नाव आले. जाळे सांभाळणारी किंगडम ट्रेल्स असोसिएशन ही ना-नफा संस्था १९९४ मध्ये स्थानिक लोकांनीच उभी केली. बर्क, लिंडन, कर्बी आदी गावांच्या हद्दीतून या वाटा जातात आणि त्यांच्याखालची बहुतेक जमीन सुमारे १०० खाजगी मालकांची आहे. मालक भाडे घेत नाहीत आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेऊ शकतात. ही कच्ची संमती म्हणजे जाळ्याचा मूळ दोष, असे अनेकदा म्हटले जाते. प्रत्यक्षात संमती परत घेता येते म्हणूनच ती मिळते आणि एवढे मोठे जाळे उभे राहू शकले, असे येथील इतिहास व कायदा एकत्र पाहिल्यावर दिसते.

पसम्प्सिक नदीच्या दोन शाखांमधला डार्लिंग हिल हा लांबट डोंगर आणि त्याच्या पूर्वेचा, सुमारे १,००० मी. उंचीचा बर्क माउंटन या दोहोंच्या अंगाखांद्यावर वाटांची दाटी आहे. मूळचे बर्कचे एल्मर डार्लिंग न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलचे चालक होते. १८८३ पासून त्यांनी या डोंगरावर मोठी शेती आणि गोठे उभारले, आणि इथले दूधदुभते त्या हॉटेलात जाऊ लागले. माथ्यावरची मोकळी गवतराने त्या शेतीतून उरली आहेत, उतारांवर साखर-मेपलची झाडी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात व्हरमाँटमध्ये दहा हजारांहून अधिक दूध-उत्पादक शेतकरी होते, आज ते हजाराच्याही खाली आले आहेत. कुरणे आणि रानवाटा राहिल्या, त्यांवर पोट भरणारी माणसे घटली. सायकलवाटांचे अर्थकारण या पोकळीत शिरले. खाणावळी, सायकल-दुरुस्तीची दुकाने, वाड्यांतून उघडलेली अतिथिगृहे हे सारे त्यानंतरचे.

वाट बांधताना खरा शत्रू पाणी. चाकांनी खोलगट झालेल्या वाटेवरून पाणी सरळ उताराला धावू लागले की तिचा ओहोळ होतो. म्हणून वाट उताराला आडवी कापतात, तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवतात, ठरावीक अंतराने तिला हलका चढ देऊन पाणी बाजूला काढतात आणि दलदलीवर लाकडी साकव टाकतात. बर्फ वितळण्याच्या चिखलाच्या दिवसांत वाटा बंद असतात. सायकलींमुळे माती उखडते, ही भीती निराधार नाही, पण ती बरीच वाढवून सांगितली जाते. माँटाना राज्यात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओल्या वाटेवर सायकलींपेक्षा घोड्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी अधिक माती सुटी केल्याचे आढळले. उतार, माती आणि बांधणी यांवर निकाल बदलू शकतो, तरी चाक हेच मुख्य अपराधी असे त्यातून म्हणता येत नाही. बर्कमध्ये पुढे जो तंटा झाला तोही मुख्यतः मातीवरून झाला नाही.

मालक फुकट वाट का देतात, याचे उत्तर चांगुलपणात आहे तसेच कायद्यातही आहे. व्हरमाँटच्या १७७७ च्या संविधानानेच कुंपण नसलेल्या परक्या जमिनीवर शिकारीची मोकळीक दिली, त्यामुळे रानात परक्याचा पाय पडणे इथे जुनेच. सायकलींना मात्र असा हक्क नाही. १९९८ च्या कायद्याने, विनामोबदला करमणुकीसाठी आलेल्या माणसाला इजा झाल्यास, मालकाचे वर्तन हेतुपुरस्सर किंवा बेपर्वाईचे असल्याखेरीज तो जबाबदार धरला जात नाही. त्याने प्रवेशाचे पैसे घेतले तर हे संरक्षण जाते. दुसरी गोष्ट वहिवाटीची. परक्याच्या जमिनीवरून १५ वर्षे उघडपणे आणि परवानगीविना ये-जा झाली तर तेथे कायमचा हक्क निर्माण होऊ शकतो, परवानगीने होणाऱ्या वापरातून तो होत नाही. म्हणजे ‘या’ म्हणणारा मालक आपली जमीन ‘चालते व्हा’ म्हणणाऱ्याइतकीच सुरक्षित ठेवतो. कायमच्या हक्काचा कागद पहिल्याच दिवशी पुढे केला असता तर यांतल्या बहुतेक मालकांनी दार लावले असते, असे मानायला जागा आहे.

या व्यवस्थेची कसोटी डिसेंबर २०१९ मध्ये लागली. सुमारे १,६५० वस्तीच्या बर्क गावी तेव्हा वर्षाला लाखाहून अधिक सायकलफेऱ्या होत होत्या, पाहुण्यांत जवळच्या क्वेबेकमधून येणारे पुष्कळ. डार्लिंग हिलवरच्या लगतच्या तीन मालकांनी आपल्या जमिनीवर सायकलींना बंदी केली आणि जाळ्याचा सर्वांत गजबजलेला भाग मध्येच तुटला. गर्दी आणि अरुंद रस्त्यावरची कोंडी या तक्रारी नव्या नव्हत्या. तिघांच्या मर्जीवर साऱ्या गावाची मिळकत टांगणीला लागावी हा अन्याय आहे, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो वजनदार आहे, कारण दुकानदाराने काढलेले कर्ज संमतीबरोबर रद्द होत नाही. परंतु त्या नकाराआधी गर्दीची मर्यादा ठरवण्याचे बळ कोणाकडे होते? संस्था सायकलस्वारांना विकते त्या पासांची विक्री वाढली की संस्था, खाणावळ आणि दुकान या सर्वांचेच भले होत होते. वाढीचा तोटा ज्यांच्या अंगणात साचत होता त्यांच्या हातात नकाराचा एवढाच अधिकार होता. त्यानंतर संस्थेने जाळे किती माणसे पेलू शकते याचा अभ्यास हाती घेतला, शेजारधर्माचे नियम ठळक केले आणि मालकांशी नित्य संवादाला कामाचा भाग बनवले. हा धक्का बसला नसता तर हे इतक्या लवकर घडले नसते.

दुसरा आक्षेप असा की जमीन सरकारी असावी, म्हणजे प्रश्नच मिटला. वेल्समधील कोइड अ ब्रेनिन येथे नेमके हे आहे. १९९० च्या दशकात डोल्गेलाय गावाजवळच्या सरकारी वनात ब्रिटनमधील पहिले खास माउंटन बाइकसाठी घडवलेले वाटांचे केंद्र उभे राहिले. वाटा आजही खुल्या आहेत. पण मार्च २०२५ अखेर नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेने काटकसरीपायी तेथील उपाहारगृह व दुकान बंद केले, स्थानिकांचा विरोध असूनही. मालकी पक्की होती, तरी गावाचा व्यवसाय दूरच्या अंदाजपत्रकावर अवलंबून होता. बर्कमध्ये नाराज मालकाशी निदान त्याच्या ओसरीवर जाऊन बोलता येते.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. मालकांच्या औदार्यावर इतरांचा धंदा चालतो आणि त्यांच्या पदरी काही पडत नाही, हे फार काळ टिकणारे नाही. भाडे देणे १९९८ च्या कायद्यामुळे अडचणीचे आहे. नुकसानभरपाई मात्र कायदा प्रवेशमूल्यात धरत नाही, तेव्हा पासाच्या पैशातून कुंपण, बांध आणि रस्त्याकडेच्या वाहनतळाचा खर्च भागवणे हे संस्थेचे पहिले देणे ठरते. करमणुकीसाठी दिलेल्या कायमस्वरूपी सुविधाधिकाराचा, म्हणजे जमिनीवरून जाण्याच्या कायमच्या हक्काचा, मोबदलाही त्याच कायद्याने प्रवेशमूल्यातून वगळला आहे. हा हक्क साऱ्या जाळ्यासाठी मागण्याची गरज नाही. दोन डोंगरांना किंवा दोन गावांना जोडणाऱ्या मोजक्या चिंचोळ्या पट्ट्यांपुरता तो रास्त दाम देऊन घेतला आणि बाकीच्या वाटा आजच्यासारख्या संमतीवर ठेवल्या, तर एखाद्या मालकाच्या नकाराने एक फेरा बंद पडेल, पलीकडच्या वाटा तुटणार नाहीत.