‘खाली!’ : एका लहानशा आज्ञेचा इतिहास

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने रचली त्याने नळीचा प्रयोग केला असेल. भाकरीच्या तुकड्याचा मात्र केला नसावा. कारण शेपटीचे काहीही होवो, बाकीचे सारे कुत्रे वळण घेते आणि फार लवकर घेते. तीन महिन्यांच्या पिलाला ‘खाली’ म्हणताच पोट टेकून बसायला शिकवणे ही बाब क्षुल्लक खरी. परंतु तिच्यामागे साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि वाचकहो, तो कुत्र्यांपेक्षा माणसांचाच अधिक आहे.

इ. स. १५७० मध्ये जॉन कीझ नावाच्या इंग्रज वैद्याने आपल्या देशातील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात एका शिकारी कुत्र्याचे वर्णन आहे. तित्तरांचा वास लागला की हा कुत्रा भुंकत नाही, धावत नाही. पोटावर पडतो आणि किड्यासारखा सरपटत पुढे जातो. मग शिकारी येऊन पक्ष्यांवर जाळे टाकतो. कुत्रा उभा राहिला तर पक्षी उडणार, म्हणून त्याने जमिनीला चिकटूनच राहायचे. ‘सेटर’ ही कुत्र्याची जात आज प्रसिद्ध आहे. तिचे नाव या दबून बसण्यावरूनच पडले आहे. म्हणजे आरंभी हे बसणे लाचारीचे नव्हते. ते एक कसब होते आणि त्यात कुत्रा माणसाचा भागीदार होता.

पुढे बंदुका आल्या, जाळी गेली. पण आज्ञा राहिली. तिचा अर्थ मात्र पालटला. पोट टेकणे म्हणजे धन्यापुढे नमणे, असे माणसाला वाटू लागले. १८४८ साली इंग्लंडात जनरल हचिन्सन यांचे कुत्र्यांच्या शिक्षणावरील पुस्तक निघाले आणि ते फार गाजले. त्याचे नाव होते ‘डॉग ब्रेकिंग’. कुत्र्याला शिकवणे याला त्या काळचा रूढ शब्द ‘मोडणे’ हाच होता. आपणही पोरांची खोड मोडतोच की! १८८२ साली अमेरिकेत हॅमंड नावाच्या लेखकाने याविरुद्ध आवाज उठवला. आपल्या पुस्तकाच्या नावातच त्याने ‘शिकवणे’ आणि ‘मोडणे’ यांना एकमेकांसमोर उभे केले, आणि मारापेक्षा मांसाचा तुकडा बरा, असे सांगितले. फार थोड्यांनी ऐकले. १९१० साली जर्मनीत कोनराड मोस्ट यांचे पुस्तक आले. पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांसाठी ते प्रमाण ठरले. शाबासकीला त्यात स्थान होते, पण सक्तीलाही भरपूर होते. विसाव्या शतकात बराच काळ कुत्र्याला खाली बसवणे म्हणजे गळपट्टा हिसकणे, असेच समीकरण राहिले.

दरम्यान प्रयोगशाळेत निराळेच काही घडत होते. १८९८ साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांना पेटीत कोंडले आणि बाहेर खाणे ठेवले. धडपडता धडपडता मांजराकडून खटका सुटे. पुढच्या खेपांना निरर्थक धडपड कमी होत गेली, कारण ज्या कृतीचे फळ गोड ती कृती टिकते. हेच सूत्र घेऊन स्किनर यांनी १९५१ च्या डिसेंबरात एका विज्ञान-मासिकात घरच्या प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. तेवढे वाचून कोणीही आपल्या कुत्र्यावर प्रयोग करावा, असा तो लेख होता. १९६० नंतर हवाई बेटावर कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवू लागल्या. पोहत दूर जाणाऱ्या माशासारख्या प्राण्याला ना पट्टा बांधता येतो, ना छडी मारता येते! तिथे शिट्टी आणि मासळी हाच उपाय. तो धडा त्यांनी १९८४ साली पुस्तकरूपाने जमिनीवर आणला. त्याआधी दोन वर्षे, १९८२ मध्ये, इयन डनबार या पशुवैद्याने कॅलिफोर्नियात लहान पिलांचे वर्ग काढले होते. तोवर कुत्रा सहा महिन्यांचा झाल्यावर शिक्षणाला आरंभ होई, कारण हिसके सोसायला मान बळकट हवी. हिसकेच नकोत म्हटल्यावर थांबायचे कशाला?

ही रीत घरी कोणालाही जमेल. पिलू बसले असताना खाऊचा कण त्याच्या नाकाशी धरावा. हात सरळ खाली, पुढच्या दोन पायांमध्ये न्यावा आणि जमिनीवरून हळूच आपल्याकडे ओढावा. नाक हातामागे जाते, नाकामागे अंग जाते. कोपरे टेकली की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. पिलाच्या पाठीवर हात दाबू नये. दाबले की ते उलट वर रेटते. चार-पाच वेळा झाले की दोरीचा तुकडा ओढण्याचा खेळ खेळावा, पुन्हा एकदा ‘खाली’ म्हणावे, पुन्हा खेळावे. म्हणजे खेळ हेच बक्षीस होते. फटाक्यांनी भेदरलेल्या पिलाला मात्र धडे देऊ नयेत. त्याला आधी आडोसा हवा.

‘ही तर लाच झाली!’ असे कोणी म्हणेल. लाच काम होण्याआधी ठरते, मजुरी काम झाल्यावर मिळते. म्हणून दोन-तीन दिवसांत हातातला खाऊ दिसेनासा करायचा. रिकामा हात तसाच खाली न्यायचा आणि पिलू बसल्यावर खाऊ खिशातून काढायचा. ही पायरी गाळणाऱ्याचा कुत्रा खाऊ पाहूनच बसतो, एरवी नाही.

साम, दाम, दंड, भेद हा क्रम आपल्या पूर्वजांनी घातला; दंड त्यात आरंभी नव्हता. तरी आपण शाळामास्तरांनी पिढ्यान् पिढ्या उजळणी तिसऱ्यापासूनच केली. आपल्या देशात वर्गातली छडी कायद्याने निषिद्ध व्हायला २००९ साल उजाडावे लागले. मार खाऊन खाली बसणारा कुत्रा आणि खेळता खेळता खाली बसणारा कुत्रा दुरून सारखेच दिसतात. जवळ गेल्यावर फरक कळतो : एकाचे कान मागे पडलेले असतात आणि डोळे आपला हात चुकवतात, दुसरा आपल्या तोंडाकडे पाहत, आता पुढे काय, असे विचारत असतो.