पुणेरी वाड्यांतील उन्हाळ्याची सोय

पेशवेकालीन पुण्याविषयींच्या लेखनांत मसलती व मोहिमा यांस जितकी जागा मिळाली, तितकी राहत्या घरांस मिळालेली नाहीं. जुने वाडे पडत चालले असतां हा विषय लांबणीवर टाकणें उचित नव्हे, म्हणून हें टिपण आम्ही सादर करीत आहों.

प्रथम घडण पाहूं. दगडी जोतें, त्यावर जाड भिंती, आंत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा व मध्यें उघडा चौक. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषिते. ती आंत पोहोंचेपर्यंत सायंकाळ होते. रात्रीं चौकाची फरसबंदी निवते व थंड हवा जड असल्यामुळें तेथेंच सांठते. सकाळीं दारें लावून ती कोंडावयाची व दिवस मावळल्यावर घर उघडावयाचें, यांत या रचनेचें मर्म आहे.

दुसरें साधन पाण्याचें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (इ. स. १७४०–१७६१) कात्रजच्या तलावांचें पाणी भुयारी नळानें शहरांत आणिलें, काळा हौद, बदामी हौद हे त्यावरच भरत. कात्रज उंचावर असल्यानें पाणी आपल्या भारानेंच वाहे. त्यास मोट लागली नाहीं कीं बैल लागले नाहींत. शनिवारवाड्यांतील कमळाकार हजारी कारंजें केवळ शोभेचें मानण्याचा प्रघात आहे. परंतु उडत्या पाण्यानें भोंवतालची हवा निवते, हा गुण आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. कालिदासाच्या ऋतुसंहारांत ग्रीष्माच्या वर्णनांतच जलयंत्रमंदिर येतें.

तिसरें साधन वाळ्याचें. अमरकोशांत वीरण हें तृण व उशीर हें त्याचें मूळ, असा भेद केलेला आहे. तेंच मूळ आपला वाळा. त्याचा पडदा भिजवून दारास लाविला असतां पाण्याची वाफ होतांना हवेंतील उष्णता खर्चीं पडते. चैत्र-वैशाखांत पुण्याची हवा कोरडी, म्हणून हा उपाय लागू पडतो. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर तो निरुपयोगी होतो. हल्लींच्या कूलरचें तत्त्व याहून निराळें नाहीं. वीज तेथें पंखा फिरविते व पाणी चढविते, इतकेंच.

मात्र येथें एक विवेक राखला पाहिजे. भिंत व चौक हे विनाश्रम काम करीत. वाळ्यावर पाणी शिंपडण्यास व पंखा ओढण्यास मात्र माणूस लागे. इंधन वांचलें, तरी श्रम वांचले नाहींत. धन्याचा गारवा चाकराच्या घामावर उभा होता, हें विसरून जुन्या काळाची स्तुति करणें इतिहासास धरून होणार नाहीं.

शनिवारवाड्याचा भूमिपूजनसमारंभ १० जानेवारी १७३० रोजीं झाला. १८२८ च्या आगींत त्याच्या आंतील इमारती जळाल्या व आज तट, दरवाजे, जोतीं एवढेंच मुख्यत्वें उरलें आहे. इ. स. १८०७ चा विश्रामबागवाडा उभा आहे. पण सामान्य गृहस्थांच्या वाड्यांस असें संरक्षण नाहीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, घरखर्चाचे कागद चाळतांना चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांतील वाळा, पंखे, पाणक्यांची मजुरी यांच्या नोंदी वेगळ्या काढाव्या; आणि एखादा वाडा उतरविला जाणार असें कळतांच त्याच्या भिंतींची जाडी, चौकाचें माप व दारांची दिशा टिपून ठेवावी. कागद पुढेंही वाचतां येतील. पडलेली भिंत मोजतां येणार नाहीं.