पेन्शन की फंड?

स्मरणिकेतील इतिहास म्हटला की गणेशोत्सव, नाटके आणि पदाधिकाऱ्यांची नामावली ओघाने येतेच. परंतु कलकत्त्यातील आपले संसार ज्या पैशावर उभे राहिले व म्हातारपणी ज्यावर टिकले, त्या पैशाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. माझ्या घरापुरता तो एका सरकारी पर्यायपत्रापासून सुरू होतो.

नागपूरकडील अनेक कुटुंबे या शहरात आली ती रेल्वेच्या वाटेने. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचे मुख्यालय गार्डन रीच येथे होते. १ ऑक्टोबर १९४४ रोजी ती सरकारच्या ताब्यात गेली, आणि १९५५ पासून आपण तिला दक्षिण पूर्व रेल्वे म्हणून ओळखतो. माझे वडील १९३९ साली तेथे हिशेबनीस म्हणून लागले. त्या पिढीची नोकरी कलकत्त्यात, पण मन देशाकडे. येथे घर घेण्याचा विचार त्यांना शिवतही नसे. काळीघाटच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या, आणि निवृत्तीनंतर परत जायचे हे गृहीतच!

रेल्वेत तोवर भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे ज्याला सगळे नुसते 'फंड' म्हणत त्याची पद्धत होती. १६ नोव्हेंबर १९५७ नंतर लागणाऱ्यांना पेन्शन ठरली. आधीपासून नोकरीत असलेल्यांना दोहोंतून एक निवडण्याची मुभा मिळाली. वडिलांनी फंड निवडला. आज त्याचे हसू येईल, पण त्यांचा हिशेब कच्चा नव्हता. विधवेला आजन्म मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन तेव्हा नव्हते, ते १९६४ साली आले. पेन्शन महागाईबरोबर वाढत जाईल असेही कोणी सांगितले नव्हते. शिवाय देशी घर बांधायचे तर एकरकमी पैसा हवा. पेन्शनीतून विटा येत नाहीत, असे ते म्हणत.

१९७४ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी ते निवृत्त झाले. फंडातून नागपूरला चार खोल्यांचे घर झाले, उरलेले बँकेत ठेवले. पुढे महागाईने ते व्याज असे काही खाल्ले की १९८५ च्या सुमारास मी दरमहा मनीऑर्डर पाठवू लागलो. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितले, तेव्हा फंडवाल्यांनाही आशा वाटली. परंतु फंड घेऊन निवृत्त झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना पेन्शन मागता येणार नाही, असा निकाल १९९० साली कृष्णकुमार खटल्यात लागला. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घातली. १९९७ च्या नोव्हेंबरपासून अशा वृद्धांना दरमहा ६०० रुपये अनुग्रह रक्कम सुरू झाली. तिच्यातून ते न चुकता नातवंडांना खाऊला पैसे देत.

स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेली आमची पिढी. महायुद्धानंतर जन्मलेल्या आमच्या समवयस्कांना अमेरिकेत 'बेबी बूमर' म्हणतात. त्यांनी घरे घेतली, शेअर घेतले. आम्हांला मिळाली ती शाश्वती. १९५६ साली आयुर्विमा आणि १९६९ साली १४ बँका सरकारी झाल्या, आणि सुशिक्षित मराठी मुलाला यांपैकी एखादे दार उघडे असे. मी १९७३ साली केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो. १९९८ मध्ये निवृत्तीचे वय ६० झाल्याने मला दोन वर्षे जादा मिळाली. बढतीची वाट पाहत बसलेल्या माझ्या हाताखालच्यांना ती कशी वाटली असतील, हे मी तेव्हा विचारले नाही. आज माझी पेन्शन माझ्या अखेरच्या पगाराहून अधिक आहे. मात्र माझ्यामागे पत्नीखेरीज कोणाला त्यातला पैसाही मिळणार नाही.

बडाबाजारात सोने-चांदी गाळणारे आपले खानापूर-आटपाडीकडचे बांधव यावर मनातून हसत असतील. त्यांना ना फंड ना पेन्शन. मूस आणि भट्टी मुलाच्या हाती सोपवली, गावी विहीर-बंगला बांधला, की झाली निवृत्ती.

माझा मुलगा बंगळूरला संगणकक्षेत्रात आहे. मी निवृत्त होताना घेत होतो त्याहून अधिक पगार त्याला तिशीतच होता. पेन्शन म्हणावी अशी नाही, गृहकर्जाचे हप्ते मात्र आहेत. आणि तो पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होण्याच्या गोष्टी करतो. गेल्या वर्षी नागपूरच्या घराला बिल्डरची मागणी आली. ज्या फंडाने वडिलांचे म्हातारपण कोरडे गेले, त्या फंडाचे घर आज आमच्या कुटुंबाची सर्वांत मोठी संपत्ती आहे. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीने एवढे मागे टाकलेले नाही. मुलाचे कर्ज फिटेल ते त्याच्या आजोबांच्या पैशाने.

माझी पुतणी केंद्र सरकारात आहे. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. वर्गणी कापली जाते आणि ती बाजारात गुंतते. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आली, आणि तिच्यासमोरही पर्याय आला: ठरलेले निवृत्तिवेतन, की स्वतःच्या नावावर साठणारा निधी. तिने फोन केला, "काका, काय निवडू?" मी उलट तीन प्रश्न विचारले: मुले किती, प्रकृती कशी, आणि निवृत्तीनंतर राहणार कोठे. पहिल्या दोहोंची उत्तरे तिने लगेच दिली.