शिमग्याची सुटी : काल आणि आज

ज्या ‘आगर’ शब्दावरून आपल्या ज्ञातीचे नाव पडले, त्या शब्दातच कष्ट भरलेले आहेत. तुर्भे व त्याच्या आसपासच्या गावांत आपल्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्यास बांध घालून भात पिकविले. खाडीपट्ट्यात मीठही पिकविले. अशा श्रमजीवी समाजाने विसावा कधी व कसा घेतला, हा प्रश्न आम्हांस केवळ कुतूहलाचा वाटत नाही.

भाताची झोडणी पौषापर्यंत आटोपे, म्हणून फाल्गुनात शेतकऱ्यास सवड असे. मिठागरावर मात्र प्रकार उलटा होता. तेथील हंगाम मृगाच्या पावसापर्यंत चाले, अर्थात् शिमगा ऐन कामात येई. तरीही दोघेही एकाच होळीपाशी जमत. सासुरवाशिणी माहेरी येत, फेर धरून हावलूबाईची गाणी होत. पुढे चैत्र शुद्ध सप्तमीस कार्ल्याला आई एकवीरेची पालखी निघे व भाविक बैलगाड्यांनी घाट चढून जात. ही सुटी कोणी मालक देत नसे. ती गाव ठरवीत असे, आणि सर्वांस एकाच वेळी मिळे.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या योजनेत आल्या. जमिनीबरोबर शेतीचे पंचांगही गेले. भोंग्यावर जाणाऱ्या तरुणास धुळवडीसाठी रजेचा अर्ज करावा लागला.

परंतु कारखान्यातील सुटीसही आपला इतिहास आहे, आणि तो ठाण्याशी निगडित आहे. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्यातून एक दिवस विश्रांतीची मागणी केली. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही साप्ताहिक सुटी बंधनकारक केली. गावाने जे रूढीने राखले, ते कामगारास लढून मिळवावे लागले. एवढे मोल ज्याचे, ते जादा कामाच्या चार पैशांसाठी सहज सोडून देणे योग्य नव्हे.

तुर्भ्यात आज एक नवेच ऋतुचक्र दिसते. येथे घाऊक बाजारांपैकी कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली, तर फळे व भाजीपाल्याचे बाजार १९९६ साली आले. हापूसच्या पेट्यांचा ओघ फाल्गुन-चैत्रातच वाढतो. एके काळी जो ऋतू शेतकऱ्याच्या विसाव्याचा होता, तोच आता हमाल, गाडीवान व अडत्यांच्या रात्रभर जागरणाचा झाला आहे. कोणाची पाळी रात्रीची, कोणाची दिवसाची; एका घरातील चार माणसांस एक दिवस एकत्र मोकळा मिळणे दुर्घट होते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. पूर्वीच्या सणातही स्त्रियांस पुरता विसावा नव्हता. पुरुष होळीपाशी बसत, तेव्हा घरोघरी पुरण वाटले जात असे. म्हणून जुने दिवस जसेच्या तसे परत यावेत, असे आमचे म्हणणे नाही.

विसावा म्हणजे आळस नव्हे. शेतालाही नांगरणीपूर्वी उन्हात तापत पडू द्यावे लागते, हे आपल्या वाडवडिलांस कोणी शिकविले नव्हते. अंग मोडून काम करणाऱ्यास झोप हवी, मुलांस बापाचा सहवास हवा, आणि वृद्धांस ऐकणारे कोणी हवे. म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींस आमची नम्र विनंती आहे की, वर्षातून निदान होळी-धुळवडीचे दोन दिवस प्रत्येक घराने आधीच ठरवून मोकळे ठेवावेत, स्वयंपाकाचे काम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे, आणि रात्रपाळीहून आलेल्यास झोपू द्यावे. गाव जे ठरवीत असे, ते आता कुटुंबांनी एकमेकांस विचारून ठरवावयाचे आहे.